एक घोडा जास्त

माझ्या गाडीला नव्याण्णव घोडे आहेत. म्हणजे कागदावर आहेत. प्रत्यक्षात मध्यंतरी जास्त झाले होते, आणि त्यानंतर काही दिवस एकही नव्हता.

आता नव्याण्णव हा आकडा वाईट नाही. खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षं काढलेल्या आणि कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला नव्याण्णव घोडे म्हणजे पुष्कळ झाले. माझ्या आधीच्या गाडीला सत्तेचाळीस होते, आणि त्यातले दहा-बारा कायम आजारी रजेवर असायचे. ही नवी गाडी मी अकरा महिने अभ्यास करून घेतली. एक लिटरचं टर्बो इंजिन. नव्याण्णवऐवजी शंभर का नाहीत, असं मी शोरूममधल्या मुलीला विचारलं होतं. ती गोड हसली, त्यामुळे विषय तिथेच राहिला. सोसायटीत पेढे वाटले आणि चार दिवस मी अत्यंत सुखात काढले.

पाचव्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या पृथ्वीराज नलावडेने गाडी आणली. त्याच कंपनीची, तेवढ्याच इंजिनाची, फक्त वरच्या मॉडेलची. एकशे अठरा घोडे.

"तुमच्यामुळेच घेतली काका," तो मला म्हणाला. "तुम्ही एवढा अभ्यास केलाय म्हटल्यावर आम्ही डोळे झाकून घेतली."

म्हणजे अभ्यास माझा आणि घोडे ह्याचे.

हा पृथ्वीराज सेहेचाळीस वर्षांचा आहे. मी सत्तावन्न. तो मला काका म्हणतो आणि माझ्या बायकोला, सत्यशीलेला, वहिनी म्हणतो. काकाची बायको वहिनी कशी होते, हे मी एकदा वंशवृक्ष काढून तपासून पाहिलं. कुठल्याही बाजूने जमत नाही. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. जिन्यातला दिवा गेला की हा स्वतः बदलतो. आम्ही गावाला गेलो की आमच्या कुंड्यांना पाणी घालतो आणि आम्ही परत आल्यावर त्याचा उल्लेखही करत नाही. अशा माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं, कारण कुणाचीही साथ मिळत नाही. सगळं एकट्याने करावं लागतं.

तरीही मी कदाचित गप्प बसलो असतो. पण महिन्याभरात आम्ही सातारला निघालो, सत्यशीलेच्या माहेरी, आणि खंबाटकी घाट आला. घाट आला की मी एसी बंद करतो. ती आमची जुन्या गाडीपासूनची पद्धत आहे. चढावर इंजिनाला त्रास नको. तर मी एसी बंद केला, काचा खाली केल्या, पुढच्या ट्रकचा धूर आत घेतला, आणि तेवढ्यात उजवीकडून पृथ्वीराज गेला. त्याच्या सगळ्या काचा बंद होत्या. आतून त्याची बायको सुनीती हात हलवत होती. सत्यशीलेनेही हात हलवला. जरा जास्तच वेळ हलवला.

घरी आल्यावर तिने मला न विचारता जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात दादाच्या नव्या घराचा गृहप्रवेश आहे. पृथ्वीराज आणि सुनीती त्याच दिवशी सातारला निघालेत. मी त्यांच्याबरोबर जाईन म्हणते."

"आणि मी?"

"तुम्ही तुमच्या गाडीने या."

सत्तावीस वर्षांच्या संसारात माझ्या शेजारची पुढची सीट कधी रिकामी गेली नव्हती. स्कूटरवर असताना मागची. ती सीट एका एकशे अठरा घोडेवाल्याने न मागता घेतली होती. गृहप्रवेशाच्या दिवशी सत्यशीला माझ्या गाडीतूनच मेहुण्याच्या दारात उतरली पाहिजे, असं मी त्याच दिवशी ठरवलं आणि कामाला लागलो.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी मैत्री चाकणला एका कंपनीत इंजिनांची चाचणी घेते. दिवसभर इंजिनं पळवायची आणि ती कधी मोडतात ते लिहून ठेवायचं, अशी नोकरी. आमच्या वेळी काही मोडलं तर मेमो मिळायचा. तिला बढती मिळाली. रविवारी मी तिला जेवायला बोलावलं आणि पहिला घास गिळायच्या आत वही उघडली.

"टर्बो इंजिनाला जास्तीत जास्त किती घोडे, हे कशावरून ठरतं?"

"काका, बेसिकली हवेवरून," मैत्री म्हणाली. "जेवढी हवा आत जाईल तेवढं पेट्रोल जाळता येतं, आणि तेवढी पॉवर. टर्बो काय करतो, बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवतो आणि हवा दाबून आत कोंबतो. म्हणून एवढंसं इंजिन एवढं पळतं."

"मग आणखी कोंबायची."

"कोंबा की. पण पंख्यालाही लिमिट आहे, त्याच्या साइजपेक्षा जास्त हवा तो देऊ शकत नाही. आणि दाबली की हवा तापते. ती गार करायला एक जाळी असते, इंटरकूलर. ती पुरली नाही की पेट्रोल आपल्या वेळेआधी स्वतःच पेटतं. मग पिस्टन फुटतात. म्हणजे जाळी किती गार करते, पेट्रोल कसलं घालता, पिस्टन किती सोसतात, सगळं बघावं लागतं."

सत्यशीला भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "मग दाब फार झाला तर जातो कुठे?"

"काकू, सुपर प्रश्न! एक झडप असते. दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की ती धुराला पंख्याच्या बाजूने परस्पर बाहेर सोडते. पंखा आवरतो."

"म्हणजे कुकरची शिटी."

"एक्झॅक्टली!"

मी दोन पानं लिहून मिळवलेलं ज्ञान हिला भाकरी वाढता वाढता मिळालं. मी वहीत 'झडप (शिटी)' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. "हा ठरलेला आकडा ठरवतं कोण?"

"गाडीतला कॉम्प्युटर. कंपनीने त्यात लिहून ठेवलेलं असतं. आता बघा ना, तुमचं आणि पृथ्वीराजकाकांचं इंजिन सेमच आहे. तोच टर्बो, तीच जाळी, तेच पिस्टन. तुमच्या मॉडेलमध्ये आकडा कमी लिहिलाय एवढंच."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. इंजिन तेच. ताकद तीच. फक्त वर बसलेल्या कुणीतरी एकाच्या नावापुढे जास्त आणि दुसऱ्याच्या नावापुढे कमी लिहिलं, आणि कमीवाल्याने जन्मभर तेवढंच पळायचं. ही गोष्ट आमच्या घराण्याला नवी नव्हती. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन असाच एक आकडा स्वतःच्या हाताने खोडला होता. मी हे बऱ्यापैकी भारावलेल्या आवाजात बोलून दाखवलं.

"आजोबांना यात आणू नका," सत्यशीला म्हणाली. "ते नागपूरला कुणाला ओव्हरटेक करायला गेले नव्हते."

मैत्रीने हसू दाबलं आणि म्हणाली, "पण काका, एक गोष्ट आहे. वरच्या मॉडेलला क्लच मोठा..."

"क्लच इंजिनात येतो का?"

"नाही, इंजिनाच्या पुढे. इंजिनाची ताकद गिअरकडे पोचवतो तो."

"मग तो आपला विषय नाही," मी म्हणालो आणि वही मिटली.

यावर नंतर मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, म्हणून माझी बाजू आताच मांडतो. तपासणी विभागात ज्याची त्याची हद्द ठरलेली असते. आपल्या यादीत जी वस्तू आहे ती गेज लावून काटेकोर तपासायची. जी यादीत नाही तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कारण बघितलं की ती आपली होते. शेजारच्या सेक्शनचा एक पंखा बरोबर माझ्या डोक्यावर करकर वाजायचा. पण तो त्यांच्या यादीत होता. सात वर्षं मी मान वर केली नाही. माझा प्रश्न इंजिनाबद्दल होता आणि इंजिनाचं उत्तर मला मिळालं होतं. क्लच दुसऱ्या सेक्शनचा.

आता हा आकडा बदलायचा कसा? सगळे लोक हे गुपचूप करतात, असं मला सोसायटीचे सेक्रेटरी दत्तोबा शेवाळे यांनी सांगितलं. दत्तोबांना सगळ्यातलं सगळं माहीत असतं. पण चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कागदाशिवाय काही करवत नाही. मी रीतसर अर्ज लिहिला. विषय: वाहनाच्या अश्वशक्तीत वाढ करण्यास परवानगी मिळणेबाबत. कारणाच्या जागी 'शेजाऱ्याची जास्त आहे' असं लिहिता येईना, म्हणून 'कौटुंबिक कारणास्तव' असं लिहिलं आणि आरटीओच्या कचेरीत गेलो.

खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"अश्वशक्ती वाढवायची आहे?"

"हो."

"कौटुंबिक कारणास्तव?"

"हो."

"घरात कोणी आजारी आहे का?"

"नाही."

"मग?"

मी इकडे तिकडे पाहिलं. मागे अकरा जण उभे होते आणि सगळे ऐकत होते. मी हळूच म्हणालो, "बायको दुसऱ्याच्या गाडीत बसते."

बाईंचा चेहरा क्षणभर मऊ झाला. मग त्यांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "इंजिनात फेरफार करायला परवानगी मिळणार नाही. कंपनीने दिलं तसंच वापरायचं. बाकीचं घरी बोलून मिटवा."

मागचा एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धीर धरा."

वास्तविक शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण मी घरी येईपर्यंत बाईंच्या वाक्याचा बारकाईने विचार केला. त्या म्हणाल्या होत्या, इंजिनात फेरफार करायचा नाही. आपण इंजिनाला हात कुठे लावतोय? आपण फक्त एक आकडा दुरुस्त करतोय. ह्या अर्थाने परवानगी मिळाल्यातच जमा होती.

दत्तोबांनी मला नारायण पेठेतल्या संतोषचं नाव दिलं. एका अरुंद जिन्याने वर गेल्यावर पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान. पूर्वी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, आता गाड्यांचे कॉम्प्युटर होतात. मी फोनवर विचारलं, गाडी कधी आणू?

"गाडी आणून लावणार कुठे?" संतोष म्हणाला. "नारायण पेठेत राहणाऱ्यांना गाडी लावायला जागा नाही, तुम्हाला कर्वेनगराहून येऊन मिळणार आहे का? गाडीचा कॉम्प्युटर काढा आणि पिशवीतून घेऊन या."

सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तो काढून दिला. ॲल्युमिनियमचा डबा, पोळीच्या डब्याहून थोडा लहान. मी तो टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीत ठेवला आणि बसने निघालो. शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, पिशवीत काय आहे. मी म्हणालो, माझ्या गाडीचा मेंदू. त्या उठून दुसरीकडे बसल्या.

इकडे मेंदू काढलेली गाडी नेमकी मी सोसायटीच्या फाटकाशी उभी केली होती, आणि त्याच दिवशी पाण्याचा टँकर आला. गाडी चालू होईना, टँकर आत येईना. सोसायटीतल्या चोवीस कुटुंबांनी मला फोन केले. मी बसमध्ये काय करणार? शेवटी गाडी ढकलली ती पृथ्वीराजने. शर्टाच्या बाह्या वर करून, एकट्याने. हे मला सत्यशीलेने तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी बाह्यांचा उल्लेख जरा सविस्तर होता.

संतोषने डबा उघडून त्याला वायरी जोडल्या आणि लॅपटॉपवर आकड्यांचे रकाने उघडले.

"किती करू?"

"एकशे एकोणीस."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एकशे वीस करतो. लोक गोल आकडा मागतात."

"नको. एकशे एकोणीसच."

"समोरच्याची एकशे अठरा आहे वाटतं."

संतोष टाइप करता करता म्हणाला, "माझ्याकडे निम्मी गिऱ्हाइकं अशीच येतात. मागच्या महिन्यात दोन सख्खे भाऊ येऊन गेले. धाकटा एकदा, थोरला एकदा, परत धाकटा. आता दोघांच्याही गाड्या बंद आहेत. सध्या एकमेकांशी चांगलं बोलतात." एवढं बोलून त्याने डबा बंद केला. "महागातलं पेट्रोल घाला, साधं नको. आणि क्लच बघून घ्या."

क्लच ह्या वस्तूबद्दल लोकांना एवढं प्रेम का, ते मला कळेना. मी मान हलवली आणि यादीत टर्बो, जाळी, पेट्रोल, पिस्टन या चौघांपुढे बरोबरच्या खुणा केल्या.

त्यानंतरचे आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सिंहगड रोडला सिग्नल सुटला की गाडी अशी झेपावायची, की मलाच मागे कोणीतरी ढकललंय असं वाटायचं. मी कारण नसताना भाजी आणायला वारज्याला जाऊ लागलो. पृथ्वीराज जिन्यात भेटला की मी त्याच्याकडे जरा वरून बघायचो. तो माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे, त्यामुळे त्यासाठी मला दोन पायऱ्या वर थांबावं लागे. घोड्यांचं मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आपण एकाने पुढे आहोत आणि त्याला ते माहीत नाही, ह्यात जी मजा होती ती मला आधीच्या सत्तावन्न वर्षांत मिळाली नव्हती.

फक्त वास येऊ लागला. गाडी लावून वर आलो की काहीतरी जळल्यासारखा. दत्तोबांनी पार्किंगमध्ये येऊन वास घेतला आणि कुणाचं तरी दूध उतू गेलंय असा निकाल दिला. तळमजल्यावरच्या बाईंना त्याचा राग आला, कारण त्यांच्या घरचं दूध कधीही उतू जात नाही. त्यावरून दोन दिवस सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर पत्रव्यवहार झाला. मी त्यात भाग घेतला नाही. मग दत्तोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओव्हाळसाहेब, घोडे वाढवायची एवढी हौस होती तर स्वतःचं वजन पंधरा किलो उतरवायचं. फरक तेवढाच पडला असता आणि वासही आला नसता."

गृहप्रवेशाचा रविवार उजाडला. मी सकाळी सहालाच गाडी धुऊन, पुढची सीट पुसून, एसी सुरू करून खाली उभा राहिलो. सत्यशीला पांढरी साडी नेसून खाली आली. हातात मेहुण्यासाठी घेतलेली बुद्धमूर्ती होती, गुलाबी कागदात गुंडाळलेली. मी दार उघडून धरलं. तिने आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"ह्यात वास येतोय हो. अख्खी साडी भरून जाईल," ती म्हणाली. "आणि मी सुनीतीला शब्द दिलाय." पृथ्वीराजने मागचं दार उघडलं, तिच्या हातातली मूर्ती दोन्ही हातांनी अदबीने घेतली, आणि ती बसल्यावर परत दिली. मला ते बघवलं नाही.

मी माझ्या गाडीत एकटा. शेजारच्या सीटवर फुलांच्या हारांची पिशवी. कात्रजच्या बोगद्यापासून मी त्यांच्या मागेच होतो. मागच्या काचेतून सत्यशीलेचं डोकं दिसत होतं, आणि ते सारखं हलत होतं. ती बोलत होती. हसत होती. शिरवळच्या आसपास तर ती टाळ्या देत होती. सत्तावीस वर्षांत ती माझ्या गाडीत एकदाही टाळी द्यायला वळली नव्हती. असं काय बोलत असेल तो माणूस?

खंबाटकी घाट सुरू झाला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि पाय दाबला. गाडी मागून कोणी चाबूक मारल्यासारखी सुटली. पहिल्या वळणाला मी त्यांच्या बरोबरीला आलो. दुसऱ्या वळणाच्या आधी पुढे गेलो. जाता जाता मी सत्यशीलेकडे पाहून हात हलवला, तिने मागे हलवला होता तितकाच वेळ. तिचं तोंड उघडं राहिलेलं मला स्पष्ट दिसलं. मी पुढच्या ट्रकलाही मागे टाकलं. माझ्या एकशे एकोणीस घोड्यांनी घाट ताब्यात घेतला होता आणि मी, रंगनाथ ओव्हाळ, सगळ्यांच्या पुढे होतो.

तिसऱ्या वळणानंतर गंमत झाली. मी पाय दाबला, इंजिन ओरडलं, त्याच्या फेऱ्यांचा काटा झरझर वर गेला, आणि गाडी हळू झाली. आणखी दाबला, तर काटा आणखी वर आणि गाडी आणखी हळू. बॉनेटखालून तोच ओळखीचा वास आला, पण आता धुरासकट. मी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि ती थांबली. इंजिन मात्र चालूच होतं. टर्बो हवा कोंबत होता, जाळी गार करत होती, पिस्टन सोसत होते. माझ्या यादीतल्या चारही वस्तू चोख काम करत होत्या. एकशे एकोणीस घोडे आत उभ्या उभ्या खिंकाळत होते, आणि त्यांची ताकद चाकांपर्यंत पोचवायला क्लच शिल्लक नव्हता.

मघाशी मागे टाकलेला ट्रक पुढे गेला. त्याच्या क्लीनरने खिडकीतून मला हात हलवला. त्यामागून पृथ्वीराज आला आणि थांबला.

त्याने वाकून वास घेतला, म्हणाला, "क्लच गेला काका," आणि डिकीतून दोर काढला. हा माणूस डिकीत दोर ठेवतो. "सातारला आपल्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, त्याला आत्ता फोन लावतो. वहिनी, तुम्ही बसून राहा, उन्हात उतरू नका."

वहिनी उतरल्या. मूर्ती सुनीतीच्या हातात देऊन त्या माझ्या गाडीकडे आल्या, हारांची पिशवी उचलून मागे टाकली, आणि माझ्या शेजारी बसल्या.

"तू त्यांच्याबरोबर जा," मी म्हणालो. "इथे वास येतोय."

"येऊ दे."

"साडी भरेल."

"भरू दे. दोरीवर ओढत नेणार तुम्हाला, आणि तुम्ही एकटे बसणार ह्यात? सुरू करा तो एसी."

मी सुरू केला. इंजिनाला दुसरं काही काम नव्हतं, त्यामुळे एसी फार चांगला चालला. घाटात एसी लावून जायची ती आमची पहिलीच वेळ. पुढे पृथ्वीराजची गाडी, मध्ये दोर, मागे आम्ही. ताशी वीसच्या वेगाने आम्ही घाटमाथ्याकडे निघालो. मला पुढच्या गाडीचा नंबर सोडून काही बघायचं नव्हतं.

काही वळणं गेल्यावर सत्यशीला म्हणाली, "तुम्हाला वाटतं मी त्याच्या एसीसाठी त्याच्या गाडीत बसते."

"मग कशासाठी बसतेस?"

"ते दोघं माझ्याशी बोलतात. तुम्ही गाडीत बसलात की आरशात बघता. मागून कोण येतंय, पुढे कोण गेलं. मी काही सांगायला लागले की तुम्ही म्हणता, थांब, ह्याला जाऊ दे. गेली तीस वर्षं मी थांबलेच आहे."

तिने सत्तावीसची तीस केली होती, पण ती वेळ दुरुस्तीची नव्हती. मी म्हणालो, "मला त्याचा हेवा वाटतो."

"माहीत आहे मला. सगळ्या सोसायटीला माहीत आहे. फक्त त्यालाच माहीत नाही, तो बिचारा तुम्हाला अजून चांगला माणूस समजतो."

हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते सांगता येणार नाही. मग ती तिच्या दादाच्या घराबद्दल बोलू लागली. ओटा कसा केलाय, आईची खाट कुठल्या खोलीत ठेवायची, वंदनेला कोण कोण येणार. शिरवळला टाळी कशावर दिली होती, तेही सांगितलं. ती माझीच गंमत निघाली, पिशवीतल्या मेंदूची. मी हसलो. आमच्या उजवीकडून किती गाड्या गेल्या असतील, मी मोजल्या नाहीत. घाट संपला, उतार गेला, सुरूर मागे पडलं आणि आमचं बोलणं चालूच होतं. सातारपर्यंत असंच जावं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

भुईंजच्या पुढे एक छोटासा चढ लागला. दोर ताणला गेला आणि पुढच्या गाडीने आम्हाला अलगद वर घ्यायला सुरुवात केली.

सत्यशीला कौतुकाने पुढे बघत होती. ती म्हणाली, "किती सांभाळून ओढतोय हो पृथ्वीराज. पाच तासांत एक धक्का नाही."

पाच तास झालेच नव्हते. दोनसुद्धा नव्हते. मी फक्त ब्रेकवर हळूच पाय ठेवला.